चाळीस मिनिटं अंधार

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फार हुशार होते. कणकवलीच्या शाळेतून निवृत्त होऊन मिठबावला सासरच्या घरी राहायला आले, तेव्हा गळ्यात लेकाने दिलेला कॅमेरा होता आणि अंगात तीस वर्षं भूगोल शिकवल्याची मस्ती. पृथ्वी फिरते हे फळ्यावर शंभरदा काढून झालं होतं. आता ते फोटोत पकडायचं होतं. चंद्र नसलेल्या रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा आणि शटर चाळीस मिनिटं उघडं सोडायचं. मग समुद्राकडे उतरणारे तारे ठिपके न राहता रेघा होतात. नात आता सांगते, "आजी, छोटे छोटे फोटो काढून जोडता येतात गं." तेव्हा ती रांगत होती. शहाणपण घरात होतं, पण बोलता येत नव्हतं.

अडचण एकच होती, शेजारणीच्या पडवीतला बल्ब. किनाऱ्यावरचं शेवटचं घर तिचं. त्या बल्बचा पिवळा उजेड थेट समोरच्या खडपावर, म्हणजे पाण्यात शिरलेल्या काळ्या खडकांवर पडायचा आणि माझं चित्र नासायचं.

एका रात्री मी तिला म्हटलं, "चाळीस मिनटां बंद कर गो."

"बाई, तो ह्येंच्यासाठी असता," ती म्हणाली. नवरा तिचा एकटाच होडी घेऊन मासे मारायला जायचा. परतताना हा बल्ब आणि मागच्या टेकडीवरच्या देवळाचा दिवा एकाखाली एक दिसले, की खडपांमधली वाट नाकासमोर यायची. होडीपेक्षा हातभर रुंद, एवढीच ती वाट.

"कधी येतले?"

"धा वाजल्याशिवाय येवचे नाय."

"मगे? आता साडेसात तर झाले."

बाईंना नाही कसं म्हणायचं? तिने बटण बंद केलं, मी शटर उघडलं. दीपगृहाचे उपयोग सांगा, असा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालत असे. पाच गुण.

पंचविसाव्या मिनिटाला समुद्रावर एक उजेड हलला. आधी इंजिनाचा आवाज, मग बारीकसा ठिपका. तो खडपाकडे आला, थांबला, उत्तरेला सरकला, पुन्हा मागे फिरला.

"ह्येंची ब्याटरी ती," शेजारीण उठून उभी राहिली. "लायट लावू काय?"

"अगो, दुसऱ्या कोणाची असतली. धा खंय वाजले?"

ती कोणाची, मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं, की अजून पंधरा मिनिटं हवी आहेत.

ठिपका आता दक्षिणेला गेला. भरतीचं पाणी खडपावर आपटून फुटत होतं. ती माझ्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे. बत्तीस मिनिटं. तेहतीस. मग इंजिनाचा आवाज बंद पडला आणि ठिपकाही विझला.

तिने मला पुन्हा विचारलं नाही. धावत पडवीत गेली. आणि मी काय केलं? ओरडले? पाण्याकडे पळाले? छे! तिचा हात बटणापर्यंत पोचायच्या आत मी शटर बंद केलं, फोटो वाचवला. तेव्हाच्या त्या बाईला, म्हणजे मला, आज हाताला धरता आलं असतं, तर बाकावर उभी केली असती.

बल्ब लागला. आम्ही दोघी पाण्याच्या कडेला उभ्या राहिलो. ती त्याला हाका मारत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग लाकूड खडकाला घासल्याचा आवाज आला, एक सणसणीत शिवी आली, आणि शिवीमागून होडी.

तो कमरेपर्यंत भिजलेला होता. जाळं फाटलं म्हणून लवकर परतला होता. मी सगळं कबूल केलं. तो हसला, पण दात वाजत होते. "दाखवा बघू, बाई. कसल्या फोटोसाठी आमका बुडवीत होतास?"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर ताऱ्यांच्या तिरक्या रेघा आल्या होत्या, आणि त्यांच्याखाली एक वेडीवाकडी पिवळी रेघ. ओल्या बोटाने तो तिच्यावरून चालत गेला. "हय देवळाचो दिवो गावलो. हय वाटला, वाट गावली. नाय गावली. हय परत फिरलंय."

रेघ एकाएकी तुटली होती. शेजारणीने तिथे बोट ठेवलं. "आणि हय?"

"हय इंजिन वर घेतलंय आणि ब्याटरी खाली ठेवलंय," तो म्हणाला. "वल्हा मारूक दोन हात लागतत."

ती त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली. चुलीवर बांगड्याचं तिखलं होतं, वास बाहेरपर्यंत येत होता. मी पडवीच्या पायरीशी जरा रेंगाळले, लोचट कुठली! त्या घरातून "जेवन जावा" ऐकल्याशिवाय मी पहिल्यांदाच परतले.