जाळीवरची अगरबत्ती

आमच्या कारखान्यात डोळ्यात घालायचं औषध भरतात. कारखाना साताऱ्याच्या बाहेर, एमआयडीसीत. औषध खाली भरतात आणि मी वर असतो, म्हणजे छतावरच्या मजल्यावर. तिथे हवेची यंत्रं आहेत, प्रत्येक एका खोलीएवढं. बाहेरची हवा जाळीतून आत ओढायची, गाळायची, गार करायची, पंख्यानं ढकलायची आणि शेवटी खालच्या खोलीच्या छतातल्या बारीक फिल्टरमधून आत सोडायची, एवढंच काम. एवढंच म्हणतो खरं, पण अठरा वर्षांत एक दिवस मी निवांत डबा खाल्लेला नाही. पंख्याचा आवाज जरा बदलला की माझा घास घशात अडकतो. स्वभावच तसा मेला! बायको म्हणते, "लग्नात अंतरपाट धरला हुता तवाबी तुमी वर पंख्याकडंच बघत हुता."

त्या वर्षी परदेशातले तपासनीस येणार होते आणि नेमका औषध भरायच्या, म्हणजे फिलिंगच्या खोलीला हवा देणाऱ्या यंत्राचा बेअरिंग कुरकुरायला लागला होता. सुटा भाग मागवलेला, आलेला नाही. मी दिवसातून दहा वेळा कान लावून ऐकायचो. खंडेनवमी आली. दरवर्षी आम्ही हत्यारांची पूजा आमच्या वर्कशॉपमध्येच करतो, पाने-पकडी मांडून. नारळ खाली गेटजवळ फोडायचा. यंत्रांच्या मजल्यावर काही न्यायचं नाही, हा नियम मीच चारचौघांना सांगत आलोय. पण त्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, बाबा, या यंत्राला वेगळं हळदकुंकू लावू, तपासणी होईपर्यंत तरी दम धरील.

अर्धा बटाटा कापून त्यात दोन अगरबत्त्या खोचल्या आणि वर गेलो. वाऱ्यानं विझू नये म्हणून आडोसा शोधला, तर मिळाला कुठे? यंत्राच्या ताज्या हवेच्या जाळीच्या कठड्यावर! तिथे अगरबत्ती झकास पेटली. धूर सरळ वर जाईना, सगळा आतल्या बाजूला वाकत होता. जन्मभर हवेचा धंदा केलेला माणूस मी, समोर उभा राहून तो धूर आत जाताना बघतोय, हात जोडून! डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

दहा मिनिटांत इंटरकॉम वाजला. फिलिंगचं यंत्र चालवणाऱ्या बाई आतून बोलत होत्या, तोंडावर मास्क असल्यानं आवाज दबलेला. "वर काय चाललंय? आत मोगऱ्याचा वास येतोय. मास्कातनं येतोय."

अगरबत्त्या चिमटीत विझवल्या, बोट भाजलं, बटाटा जेवणाच्या रिकाम्या डब्यात कोंबला, कठड्यावरची राख फडक्यानं पुसली. तोवर खाली भरणं थांबवलं होतं. आत हवेतले कण मोजायचं यंत्र असतं, त्यात आकडा हललेला नव्हता. तो हलणारही नव्हता. फिल्टर धूळ अडवतो, वास अडवत नाही, हे मला ठाऊक होतं. पण वास आला कुठून हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि डोळ्यात जाणाऱ्या औषधाच्या खोलीत ठाऊक नसलेलं काही चालत नाही.

क्वालिटीच्या मॅडमनी त्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी जबाब घेतला. माझ्यापुढे कोरा कागद आला. मी लिहिलं, 'सकाळच्या फेरीत काही वेगळे आढळले नाही,' आणि खाली सही केली. पेन माझंच, अक्षर माझंच.

आकडा हलला नव्हता तरी, वास आला म्हणजे कडेनं हवा शिरली असेल असं धरून संशय गेला फिटरवर. खोलीच्या छतातले फिल्टर पंधरा दिवसांपूर्वीच बदलले होते. ते बसवणारा माणूस सांगलीच्या ठेकेदाराचा, मूळचा जतकडचा, साठीला टेकलेला. फिल्टर चौकटीत बसवून क्लॅम्पचे बोल्ट आवळायचे असतात, चारी बाजूंनी सारखे. एखादा ढिला राहिला तर कडेनं न गाळलेली हवा आत येते. तो आवळत होता तेव्हा देखरेखीला मीच खाली शिडी धरून उभा होतो. प्रत्येक बोल्ट आवळला की तो त्यावर अंगठा दाबून पुढे जायचा. असं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

दसऱ्याला सुट्टी. दारात माणसं सोनं घेऊन येत होती, आपट्याची पानं हातात देत होती आणि मी प्रत्येकाला "सोन्यासारखं राहा" म्हणत होतो. मनात मात्र एकच, कागदावरची सही. बायकोनं डबा घासायला घेतला आणि आतनं दोन भोकं पडलेला अर्धा बटाटा काढला.

"आवं, ह्यो काय? कंपनीत आता भाजी चिरायला लावत्यात व्हय?"

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. बटाटा ओट्यावर ठेवून म्हणाली, "मग त्या मानसाचं काय हुणार?"

"काय व्हायचंय? चौकशीत सुटेल," मी म्हणालो. "फिल्टर तपासतील, चांगला निघेल."

"आन् न्हाई सुटला तर?"

मी चिडून उठलो आणि उगाच गाडी पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगलीहून बोलावलं. गेटवर मला पाहिल्यावर तो जवळजवळ पळतच आला. "सायेब, तुमी हुता न्हवं शिडीपाशी? म्या आवळला हुता का न्हाई समदा? तुमी बघितलंय."

"बघू," मी म्हणालो. बघू! जिभेला काय झालं होतं कोण जाणे. "आवळला हुता" एवढे दोनच शब्द होते. पण ते बोललो की पुढचा प्रश्न येणार, मग वास कुठून आला? त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो आत गेला.

मग एक अस्सल गाढवपणा झाला. फिल्टर तपासायची माणसं पुण्याहून यायच्या आधीच उत्पादन विभागानं घाई करून सगळे बोल्ट पुन्हा आवळून घेतले. तपासणीत फिल्टर उत्तम निघाले, पण त्यातून आधी कसे होते ते सिद्ध होईना. मॅडमनी फिटरला विचारलं, "एखादा राहिला असेल का?" आणि त्यानं लिहून दिलं, 'राहिला असण्याची शक्यता आहे.' कारण मिळालं, फाइल बंद झाली. भरलेला माल नष्ट केला, ते योग्यच केलं. ठेकेदारानं त्याला कामावरून काढलं. मी सुटलो.

सुटलो म्हणे! आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. बेअरिंग कुरकुरत होता त्याची काळजी वाटेनाशी झाली, इतका मी फिटरच्या त्या एका कागदात अडकलो. फाइलमध्ये तो कागद कसा आला, हे एका मलाच कळत होतं. त्यानं का लिहून दिलं? कारण शिडी धरणारा माणूसच 'बघू' म्हणाला होता.

नवव्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. बटाट्यासकट सगळं. त्यांनी आधी विचारलं, "कुठल्या जाळीवर? किती वेळ?" आणि टिपून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"त्याच दिवशी सांगितलं असतंत तर तुम्हाला फक्त मेमो मिळाला असता."

"व्हय."

"आता नोकरीचं मी सांगू शकत नाही."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या वेळी भीती वाटली नाही, आधीच संपून गेली होती. मला वरच्या मजल्यावरून काढून स्टोअरला टाकलं. हवेच्या यंत्रांना हात लावायचा नाही. आजही मी तिथेच आहे.

त्याच रविवारी फिटरचा पत्ता शोधत सांगलीला गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"म्हंजी आवळला हुता म्या," तो म्हणाला.

"आवळला हुता. समदे. मी बघितलं हुतं."

"मग तवा का न्हाई बोलला तुमी?"

त्याची बायको रागानं म्हणाली, "आठ दिस झालं, ह्या मानसानं घरातला एक बोल्ट सोडला न्हाई. खाटंचं, सायकलचं, शेजाऱ्याच्या पंपाचं. सारखं ढिलं करतुया आन् आवळतुया. जेवताना उठतुया. तुमास्नी ठावं तरी हाय का?"

"तुमाला परत बोलावतील," मी म्हणालो. "मॅडम ठेकेदाराशी बोलल्यात."

बाजूला पडलेला पाना उचलून त्यानं माझ्या हातात दिला आणि ओट्यावरच्या खाटेच्या पायातल्या बोल्टकडे बोट केलं. "तुमी बघा. बसलाय का घट्ट?"

मी गुडघ्यावर बसलो, पाना लावला, जोर केला. बोल्ट तसूभर हलला नाही.

"घट्ट हाय," मी म्हणालो.

"नीट बघा, सायेब," तो म्हणाला. "माजं मला आता कळंना झालंय."