राग येतो, कधीकधी

अगं, या पत्राकडे कान कर जरा. किती दिवसांत फिरकली नाहीस, लबाडे!

परवा फुलबाजारात एक झेंडूवाली पोरगी हॉटेलातल्या नोकरीसाठी फोनवर स्वभावाची परीक्षा देत होती. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने पिशवीत फुलं भरणं चालूच.

"मावशी, राग येतो का विचारतात. नोकरी तर मला पाहिजेच. 'कधीच नाही' दाबू?"

"दाब की! सगळे तेच दाबतात," मी म्हटलं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने झेंडू कुस्करून पाहिला.

"ओ दादा, फुलं हायेत, टमाटे नाय!" ती कडाडली आणि मग स्वतःच खळखळून हसली.

'कधीकधी' दाबून म्हणाली, "नायतर तिथं रोज गोड हसायचं सोंग करावं लागंल, मावशी."

मिळो गं तिला ती नोकरी! तू मात्र लवकर ये. रुसलेली असलीस तर रुसलेलीच ये.