क्लचवाले डॉक्टर

आख्ख्या आयर्लंडात, आणि मी तर म्हणतो सगळ्या युरोपात, स्वतःच्या डाव्या पायाचा एवढा अभिमान असलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. लोकांना पोरांचा असतो, घराचा असतो, मला माझ्या दाल मखनीचा आहे, जी गिऱ्हाईकं निम्मी ठेवून जातात. आमच्या डॉक्टरांना डाव्या पायाचा होता. "उजवा पाय काय बे, कोणालाही असतो," असं म्हणायचे. "दाबला की गाडी पळते, त्यात कसली अक्कल? माणूस कळतो तो डाव्या पायावरून." डॉक्टर मूळ नागपूरचे, नावन गावच्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि सुट्टीच्या दिवशी मला त्यांच्या लाल, दोन सीटच्या, माझ्या कमरेएवढ्या उंचीच्या गाडीत कोंबून जागं करायचं, असे त्यांचे दोन धंदे. मी तिथल्याच एका इंडियन हॉटेलात तंदूरवर. नागपूरकडे स्वयंपाक्याला महाराज म्हणतात, म्हणून मी महाराज. आईनं ठेवलेलं नाव फक्त पासपोर्टावर उरलं होतं.

गाडी स्पोर्ट्स कार, जपानवरून आलेली, जुनी. ती किती पळते हे मला आजपण माहीत नाही, कारण डॉक्टरांनी ती कधी पळवलीच नाही. मागून ट्रॅक्टरवाले हात करून पुढं निघून जायचे. "वेग काय, विमानात बसलं की मिळतो, वर जेवायलाही देतात," ते म्हणायचे. "गिअर आपल्या हातानं घ्यावा लागतो." आणि घ्यायचे कसा! मुठीत नाही, तीन बोटांत, पोह्यावर पिळायला लिंबाची फोड धरावी तसा. दांडा असा बुटका की मनगट हललं न हललं, कट्, झालं काम. चांगल्या सुतारानं बसवलेल्या दाराची कडी कशी आपली आपण खोबणीत जाऊन पडते, तसा आवाज. त्या 'कट्'साठी गाडीतला रेडिओ काढून टाकलेला. बोलणंसुद्धा थांबायचं. "काल एक म्हातारी आली ऑपरेशनला, तिला मी विचारलं, आजी," इथं डावा पाय खाली, दांडा मागं, कट्, पाय वर, "दात खरे आहेत का?" शेजारी बसणाऱ्यालाही ती सवय लागायची. मी हॉटेलात ऑर्डर सांगताना मधेच थांबायला लागलो. वेटर म्हणायचे, महाराजला काहीतरी झालंय.

डिकीत कॅनव्हासचे बूट ठेवलेले, तळ पार कागदासारखे झिजलेले. क्लचला जीव कुठं लागतो ते तळव्याला कळलं पाहिजे म्हणून. ते बूट कधी जमिनीला लागू द्यायचे नाहीत. दार उघडून सीटवर टेकायचं, देवळाबाहेर काढतात तसे जाड बूट बाहेर काढायचे, आणि आत पाय घेऊन हे चढवायचे. एकदा बाहेरचे उचलायला विसरले आणि क्लोनडॉकिनला पोचून तसेच पातळ बुटात, पायाची बोटं वर करून, चिखलातून चालत वहिनींच्या ऑफिसच्या पार्टीला गेले. वहिनी तिथं सॉफ्टवेअरमध्ये. आणि हिवाळ्यात गिअरचा तो लोखंडी गोळा बर्फासारखा गार पडायचा, म्हणून त्याला रात्रभर लहान मुलाची कुंची घातलेली. वहिनींना कळलं तेव्हा मी तिथंच होतो, दुर्दैवानं.

"माझ्या आईनं लेकीसाठी शिवलेली कुंची? त्या दांडक्याला?"

"तिचं डोकं मोठं झालं ना आता," डॉक्टर म्हणाले. "याचं आहे तेवढंच आहे."

राउंडअबाउटवर, म्हणजे चौकातल्या गोलावर, तर विचारू नका. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना जरा कुठं खरखर वाटली की "राहिलं," म्हणायचे, आणि सगळी चक्कर पुन्हा मारायचे. एकदा पाच चकरा झाल्या. माझ्या मांडीवर हॉटेलमालकाच्या बायकोच्या वाढदिवसाचा केक होता. पोचला तेव्हा त्याचा एका बाजूला डोंगर झाला होता आणि बोलणी मला बसली.

आता मी यात कसा अडकलो, तर तोंडामुळं. डॉक्टर जेवायला आले होते, रोटी चांगली झाली म्हणून आत सांगायला आले आणि सहज विचारलं, गाडी येते का? मी म्हटलं, "येते म्हणजे? स्वारगेटला अकरा वर्षं रिक्षा मारलीय!" हे खरं होतं. पण रिक्षाचा क्लच हाताला, गिअरपण हातालाच. माझा डावा पाय अकरा वर्षं नुसता बसून आला होता. मी निदान सातवीपर्यंत गेलो, तो बिचारा बालवाडीतही गेला नव्हता. पहिल्या दिवशी गाडी हॉटेलच्या मागल्या आवारात मेंढीसारख्या उड्या मारत गेली आणि कचऱ्याच्या डब्याला टेकून बंद पडली. डॉक्टर उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, आणि तिला म्हणाले, "माफ कर."

मग शिकवणी. बूट काढून, नुसत्या मोज्यावर, गाडी जागेवर, पाय हळूहळू वर. "आला का?" "काय?" "जीव." मी तीन आठवडे "आला, आला" म्हणत होतो. भुताला म्हणतात तसं. काही येत नव्हतं. ते सांगायचे, "भुलीतून पेशंट उठवतो तसं उठव तिला." मी कुठं कुणाला उठवलंय? मी तर स्वतःच उठत नाही. मग एका दिवशी पाय वर येता येता गाडी आतून जरा फुगल्यासारखी झाली. पुढं सरली नाही, नुसती फुगली. मी ओरडलो, "डॉक्टर, साय! दूध उतू जायच्या आधी साय एकदा श्वास घेते ना, तसं!" डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "अबे महाराज," म्हणाले, "वीस वर्षं झाली मी गाडी चालवतोय, मला हे सांगता नाही आलं." त्या दिवसापासून हॉस्पिटलात भेटेल त्याला सायीचं सांगायचे. आयरिश नर्सना साय काय कळणार? त्या "ग्रँड, डॉक्टर, ग्रँड," म्हणून पुढं जायच्या.

सगळं आलं, पण एक खोड जाईना. उतार लागला की माझा हात आपोआप न्यूट्रल टाकायचा. कात्रजच्या उतारावर आम्ही रिक्षावाले इंजिनच बंद करायचो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवणं म्हणजे आमच्याकडं नळ उघडा टाकून गावाला जाणं. ह्यापायीच इथं ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास झालो होतो. डॉक्टर एरवी कधी चिडायचे नाहीत, पण न्यूट्रल पडलं की तोंड लाल. "चढावर ती स्वतः ओढते बे, तेव्हा तू नसला तरी चालेल. उतारावर तिला धरायला पाहिजे, आणि नेमका तेव्हाच तू हात सोडून देतोस!"

आणि मग त्यांचा गुडघा गेला. डावाच. जिना उतरताना आवाज यायला लागला, मग सूज, मग काठी. त्यांच्याच हॉस्पिटलातल्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करू, चालाल फिराल, पण क्लच विसरा, ऑटोमॅटिक घ्या. वहिनींची होतीच ऑटोमॅटिक. डॉक्टर तिला लिफ्ट म्हणायचे. बटण दाबा, वर जा. वहिनी त्या संध्याकाळी जेवताना माझ्यासमोरच सरळ म्हणाल्या, "लाल गाडी विकायची. दारात उभी राहिली तर तुम्ही चोरून चालवाल, मी ओळखते तुम्हाला."

"महाराज चालवेल. मी नुसता बाजूला बसेन."

"महाराजांकडं लायसन्स आहे का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी भाजीकडं बघितलं.

"तिसरी टेस्ट आहे ना त्यांची," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात. पास झाले तर राहील गाडी. नाही झाले तर त्याच दिवशी पेपरात जाहिरात." डॉक्टर माझ्या पायाकडं बघत होते, माझ्या घाणेरड्या मोज्यातल्या, अकरा वर्षं बसून आलेल्या डाव्या पायाकडं. आयुष्यात माझ्यावर कुणी एवढा भरवसा टाकला नव्हता, आणि टाकणाऱ्याचा चेहरा एवढा पडलेलाही मी कधी बघितला नव्हता.

इन्शुरन्सवाल्या बाईला माझा अनुभव आणि गाडी सांगितली तर ती फोनवर बराच वेळ देवाचं नाव घेत होती. शेवटी वहिनींनीच बोलून जमवलं. टेस्टच्या दिवशी पाऊस. परीक्षक सहा फुटांच्या वर, गाडीत बसल्यावर त्यांचे गुडघे कानाला लागले आणि कागद ठेवायला जागा उरली नाही. मी घाबरून त्यांना "नमस्कार" म्हणालो. गाव फिरलो. एकदा वायपरच्या जागी हॉर्न वाजवला, एक म्हातारा दचकला, मी मान हलवून त्याची माफी मागितली. पेन चालूच. मग नदीकडचा उतार आला. पुढं पूल, आणि पुलाच्या कठड्याशी, पावसात, छत्री नाही, काठी टेकून आमचे डॉक्टर उभे! डोळे मिटलेले. ते बघायला आलेच नव्हते. ऐकायला आले होते.

माझा हात दांड्यावर गेला. अकरा वर्षांचा हात, तो काय माझं ऐकणार. दांडा मधोमध आला, न्यूट्रलला, आणि गाडी एकदम हलकी झाली, कुणी बोट सोडल्यासारखी. तेवढ्यात मला काय झालं कुणास ठाऊक, मी डावा पाय दाबूनच ठेवला, उजव्या पायानं पेट्रोलचा एक घोट पाजला, इंजिन जरा गुरगुरलं, आणि दांडा मागं घेतला. कट्. साय फुगली. गाडीनं उताराला पाठ टेकली आणि हूं, हूं करत, अगदी म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवावा तशी आम्हाला खाली घेऊन निघाली. पेन थांबलं. पुलावरून गेलो तेव्हा डॉक्टरांचे डोळे मिटलेलेच होते, फक्त एक बोट वर होतं.

परत आल्यावर परीक्षकांनी निळ्या शाईनं भरलेला कागद पुढं केला. एवढ्या चुका मी शाळेतसुद्धा एका पानावर केल्या नव्हत्या. म्हणाले, पास आहेस, जेमतेम. मी त्यांच्या हाताला धरून हलवतच राहिलो. मग ते हळूच म्हणाले, "तो पुलावरचा माणूस, तो ठीक आहे ना? कुणाला तरी कळवू का?"

गाडी राहिली. वहिनींनी शब्द पाळला, आणि मी जेवायला गेलो की पहिली पोळी मला वाढायला लागल्या. ऑपरेशन झालं, दोन महिने घरात काढले, आणि एका रविवारी मी डॉक्टरांना उचलून, म्हणजे जवळजवळ उचलूनच, डाव्या सीटवर बसवलं. गुडघ्यांवर वहिनींचं जाड पांघरूण. ट्रिम गावाच्या रस्त्याला लागलो. डॉक्टर नुसते समोर बघत बसलेले. मला वाटलं चुकतंय माझं. दोनदा विचारलं, "डॉक्टर, खरखर झाली का?"  मग बघितलं तर ते पांघरूण हलत होतं. गाडीच एवढी अरुंद की शेजाऱ्याचा पाय हलला तर आपल्या कोपराला कळतं. तिथं खाली काही नाही, नुसती चटई. पण दर गिअरला, माझ्या पायाच्या अर्धा क्षण आधी, त्यांचा तो टाके पडलेला डावा पाय हळूच चटई दाबत होता.

तेव्हापासून मी स्वतःच्या डोक्यानं गिअर टाकायचं सोडून दिलं. तसंही माझं डोकं सोडल्यानं कुणाचं काही अडत नाही. पांघरूण हललं की क्लच, खाली बसलं की पाय वर. आता गावातले लोक म्हणतात, महाराज काय सुरेख गाडी चालवतो. मी हो म्हणतो. मागच्या रविवारी परत येताना ऊन होतं, डॉक्टरांना गाडीतच डुलकी लागली. सरळ रस्ता, मोकळा, चौथा मागत होतं इंजिन, चांगलं ओरडून मागत होतं. मागं सात-आठ गाड्या साचल्या, एकानं हॉर्न दिला. माझा पाय क्लचपाशी जाऊन थांबला होता. पांघरूण हलत नव्हतं. मी तसाच, तिसऱ्यातच, नावनपर्यंत आलो.