खांबामागचा महाबली

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांनी रांगेत उभं राहून व्यायाम करायचा, असा नियम आहे. स्पीकरवर गाणं लागतं, एक जण पुढे उभा राहून आकडे म्हणतो आणि दापोडीपासून बसमध्ये डुलक्या घेत आलेले माझ्यासारखे लोक हात वर करून त्या निमित्ताने जांभई देऊन घेतात. शेवटी पुढे वाकून पायाची बोटं पकडायची असतात. बऱ्याच जणांची बोटं त्यांच्या पोटामागे कुठेतरी असतात, पण प्रयत्न करावा लागतो.

आमचा पैलवान मात्र कायम शेवटच्या रांगेत, शेडच्या लोखंडी खांबामागे उभा असायचा. खांब वीतभर रुंद आणि हा दारभर, तेव्हा उरलेला पैलवान झाकायला आम्ही दोघं-तिघं पुढे उभे राहत असू. तो इथल्याच गावचा, तालमीत वाढलेला. गिअरचे भरलेले क्रेट तो पोह्यांची बशी उचलावी तसे उचलायचा. क्रेन अडकली की लोक मेंटेनन्सच्या आधी त्याला हाक मारत. पण उजवीकडचा क्रेट उचलायचा, वळायचं आणि डावीकडे ठेवायचा, असं वर्षानुवर्षं करून त्याची कंबर गेली होती. त्याचे क्रेट आता आम्हीच गुपचूप उचलायचो आणि बुटाची नाडीसुद्धा घरी बायको बांधून द्यायची. आणि इतकी वर्षं कंत्राटावर काढल्यावर नेमकं आताच त्याला कायम करायचं चाललं होतं. त्याआधी मेडिकल होणार होती. कमरेची बातमी ऑफिसात गेली असती, तर पैलवानाचा पत्ता कट. लाइनवर सगळ्यांना माहीत होतं, ऑफिसात कोणालाच नाही, अशी आमची समजूत होती.

त्यात सुरक्षा सप्ताह आला. या सप्ताहात आमच्याकडे नाटुकलं होतं. मागच्या वर्षी मी हेल्मेटवर एक यमक जुळवलं होतं, तेवढ्या पुण्याईवर मी लेखक ठरलो होतो. एचआरच्या मॅडमच्या टेबलावर फायलींपेक्षा कॉमिक्स जास्त. त्यांनी फर्मावलं, "या वर्षी महाबली. आगगाडी एका हाताने थांबवणारा. पडदा उघडतो तेव्हा तो आपला सकाळचा व्यायाम करतोय, शेवटी वाकून पायाची बोटं पकडतोय." महाबली कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

कॅन्टीनमध्ये पैलवानाने मला कोपऱ्यात घेतलं. "भावा, स्टेजवर खांब हाय का?"

"नाही."

"मग माजी नोकरी बी न्हाई. कायतरी कर. तू लिवनारा हायस."

मी तसाच उठलो आणि मॅडमपुढे जाऊन बसलो. म्हणालो, "मॅडम, महाबलीला व्यायाम शोभत नाही. व्यायाम म्हणजे अंगाला जड जाईल असं काहीतरी करणं. ज्याला आगगाडी हलकी, तो डंबेल्स घेऊन काय करणार? त्याच्या जिममध्ये घोरावडेश्वरचा डोंगर आणून ठेवावा लागेल. तेवढ्या मापाची जागा चाकणला आता शिल्लक आहे का?"

मॅडमना असले वाद फार आवडत. जेवणाचा डबा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "म्हणजे ताकद आयती मिळाली की ती आपोआप टिकते?"

"तो दिवसभर पूल उचलतो, इमारती सावरतो. त्याचं कामच व्यायाम."

"काम म्हणजे व्यायाम नव्हे. कामात एकच बाजू झिजते."

हे तर नेमकं पैलवानाचंच दुखणं होतं, पण माझी जीभ थांबेना. मी वाघाचं उदाहरण दिलं: वाघ कुठे सूर्यनमस्कार घालतो? हत्ती कधी पहाटे उठून पळायला गेलाय? आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक चमचे खाली ठेवून ऐकायला लागले. कोणीतरी टाळी दिली. मी असा रंगात आलो की, आपण कशासाठी आलो होतो हेच विसरलो.

"पटलं," मॅडम अखेर म्हणाल्या. "व्यायाम काढून टाका. इतकी ताकद आहे, तर स्टेजवर आपला भरलेला क्रेट उचलून दाखवू दे."

पैलवानाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी इथे लिहू शकत नाही. "तुला वकीलपत्र दिलं आन् फाशी झाली," एवढंच तो म्हणाला.

मग थर्माकोल आणला. गिअरच्या मापाच्या चकत्या कापल्या, पेंट शॉपमधल्या मित्राने त्या अशा रंगवल्या की इन्स्पेक्शन करणारा मी स्वतःच फसलो. क्रेट उंच टेबलावर ठेवायचा, म्हणजे वाकणंही नको. पैलवानाला हायसं वाटलं. पोशाखातली पँटवरची चड्डी तेवढी त्याने नाकारली. "लंगोट आत असतोय. वस्ताद बगतील तर हानतील."

पण आमच्या कंपनीत जिथली वस्तू तिथेच लागते. सप्ताहात तर स्वच्छतेची टोळी दिवसभर फिरते आणि जागा चुकलेल्या प्रत्येक मालावर लाल चिठ्ठी चिकटवते. नाटकाच्या सकाळी तिला स्टेजमागे टेबलावर ठेवलेला, नोंद नसलेला क्रेट दिसला. चिठ्ठी लागली, थर्माकोल भंगारात गेला, आणि नाटकाला क्रेट लागणार हे त्या भल्या माणसांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी तिथे एक खरा, लोखंडी गिअरने काठोकाठ भरलेला क्रेट आणून ठेवला. तोही टेबलावर नाही, नियमाप्रमाणे जमिनीवर.

आम्हाला हे कळलं ते पडदा उघडल्यावर. लाल कापड खांद्यावर टाकून पैलवान ऐटीत आला. मी संकटात सापडलेला नागरिक झालो होतो. त्याने क्रेट टेबलाऐवजी जमिनीवर पाहिला, बुटाच्या टोकाने हळूच ढकलून बघितला. क्रेट जागचा हलला नाही. समोर पहिल्या रांगेत प्लँट हेड, बाजूला मॅडम, मागे सगळी शिफ्ट. पैलवानाने डावी-उजवीकडे पाहिलं, पण स्टेजवर खांब नव्हता. मला खरंच रडू यायचं बाकी राहिलं होतं. माझ्या वादापायी या माणसाचं घर बसणार होतं.

तेवढ्यात त्याने छाती फुगवली आणि आरोळी ठोकली, "थांबा! महाबली असला तरी थंड अंगानं वजन उचलीत न्हाई! आदी व्यायाम! समद्यांनी उटा!"

सगळी शिफ्ट उठली. प्लँट हेडही उठले. पैलवान स्वतः कमरेवर हात ठेवून आकडे म्हणत राहिला, कारण आकडे म्हणणाऱ्याला वाकावं लागत नाही. शेवटी तो गरजला, "आता पुडं वाका! पायाची बोटं धरा! मी म्हनंस्तवर मुंडी वर न्हाई करायची!"

सगळ्यांच्या मुंड्या खाली गेल्या. मी आणि विंगेतला गडी धावलो, दोघांनी मिळून क्रेट टेबलावर चढवला आणि पळालो. "वर!" पैलवान म्हणाला. लोकांनी पाहिलं तर क्रेट टेबलावर आणि त्यावर महाबलीचा एक हात. टाळ्यांनी शेडचे पत्रे वाजले.

फक्त मॅडम वाकल्या नव्हत्या. हाताची घडी घालून त्या सगळं बघत होत्या.

नाटकानंतर त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. आता संपलंच, असं धरून आम्ही गेलो. त्या पैलवानाला म्हणाल्या, "खांबामागे लपणारा एवढा मोठा माणूस मला पहिल्याच आठवड्यात दिसला होता. कधी तोंड उघडताय याची वाट बघत होते. व्यायाम ठेवला, तुम्ही बोलला नाहीत. क्रेट ठेवला, तरी नाहीत. उलट वकील पाठवलात." मग त्यांनी त्याला सांगवीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं, आणि मेडिकल पुढे ढकलली. पैलवान खाली बघत उभा राहिला. डोळे पुसायला त्याने महाबलीचं लाल कापडच वापरलं.

तो सांगवीला नेमाने गेला. मेडिकलच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला वाकायला सांगितलं आणि त्याने पायाची बोटं धरली. तो कायम झाला. त्याच्या जागेवर क्रेट उचलायला आता यंत्र बसवलंय आणि नाडी तो स्वतः बांधतो.

हल्ली सकाळी पुढे उभा राहून आकडे तोच म्हणतो, आणि वाकूनही दाखवतो. माझं वय आणि पोट दोन्ही वाढली आहेत, त्यामुळे शेवटच्या रांगेतली ती जागा मला फार सोयीची पडते. काल गाणं संपत आलं होतं आणि मी लोखंडाला टेकून निवांत जांभई देत होतो. तेवढ्यात स्पीकरमधून सगळ्या शेडभर आवाज घुमला:

"खांबामागलं वकीलसायब, भाईर या!"