चोपणातली वेडी बाभूळ

मल्हारीतात्या रस्त्यानं कधी सरळ चाललेच नाहीत. मध्येच वाकायचे, मातीत दोन बोटं खुपसून एखादं कोवळं रोप मुळासकट उपसायचे आणि बंडीच्या खिशात टाकायचे. घरी गेल्यावर ती रोपं चुलीत जायची. लग्न होऊन मी मुकुंदवाडीत आले तेव्हा निजामाची अमदानी होती आणि गाव शहरापासून चांगलं लांब होतं. शेजारचा हा उंच, अंगाला मेंढरांचा वास येणारा म्हातारा मला जडीबुटीवाला वाटला. एकदा विचारलंच.

"जडीबुटी नाय, सूनबाई," ते म्हणाले. "माझीच औलाद हाय ही. म्या पेरली, आता मीच निस्तरतो."

करीमभाई त्यांचे जिवलग दोस्त. दोघांचा बांधाला बांध. दर उन्हाळ्यात तात्यांची मेंढरं करीमभाईंच्या रानात बसायची. शेताला लेंडीखत मिळे, तात्यांच्या घरी ज्वारी येई. मी यायच्या कितीतरी आधी, एका वर्षी चाराच उरला नाही. शहरातल्या लष्करी छावणीकडच्या एका बंगल्याला विलायती बाभळीचं कुंपण होतं. लोक तिला वेडी बाभूळ म्हणत. तिच्या गोड शेंगा खाऊन मेंढरं जगली. मग रिवाजाप्रमाणे तीच मेंढरं करीमभाईंच्या रानात बसली. शेंगा पचल्या होत्या, बिया नव्हत्या.

पाऊसकाळात लेंड्यांतून रोपं वर आली. करीमभाईंचं अर्धं रान काळीचं, ओढ्याकडचं अर्धं चोपण. काळीतली रोपं कुळवानं निघाली, उरलीसुरली दाट ज्वारीखाली खुरटली. चोपणात मात्र उन्हाळ्यात पांढरं मीठ फुटायचं, पावसात पाणी तुंबायचं. ज्वारी सोडाच, गवतसुद्धा धड धरत नसे. त्या उघड्या मातीत वेडी बाभूळ एकटीच तरारली. आणि इथंच दोघं फसले. उपटायचं सोडून त्यांनी तिला शेळ्या खातील म्हणून कुंपण घातलं! बापजाद्यांच्या वांझ तुकड्यावर पहिल्यांदा हिरवं दिसत होतं. करीमभाई येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून तिथं न्यायचे. "तुझ्या मेंढरांची मेहेरबानी, मल्हार!" म्हणायचे. तात्या हे मला करीमभाईंच्या आवाजात म्हणून दाखवत.

काही वर्षांत त्या तुकड्याचं काटेरी रान झालं. विहिरीची वाट बुजली. करीमभाई कुऱ्हाड घेऊन उतरले, पण तोडावं तितकी ती बुंध्यापासून जास्तच फुटे. एका दुपारी पायात काटा मोडला. शेतकऱ्याला काट्याचं काय कौतुक? त्यांनी तो काढून टाकला आणि काम चालू ठेवलं. पुढं दातखीळ बसली, धनुर्वात झाला आणि करीमभाई गेले.

तेव्हापासून तात्या रोज सकाळी दुधाचं गाडगं जैनबभाभींच्या, करीमभाईंच्या बायकोच्या, उंबऱ्यावर ठेवत. दुपारी ते धुऊन पालथं घातलेलं असे. पण भाभी त्यांच्याशी एक अक्षर बोलत नसत.

"एकदा शिव्या दिऊ दे तिनं," तात्या मला म्हणायचे. "तोंडावर म्हनू दे, तुझ्यापायी मेला. मंग म्या मोकळा." त्यांना दुसरं काही नको होतं.

भर दुपारी चोपणाजवळ ते थबकत. "ऐकलं का, सूनबाई? करीम तोडतोय."

मी कान देई. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नसे.

"लई हट्टी हाय. म्या सांगतो त्याला, काळीत ही पोरगी धाकात ऱ्हाती, चोपणात तिला आडवायला कुणीच नाय. एकट्यानं नाय निघायची. पर ऐकतोय कुठं!"

गेलेल्या माणसाची अशी तक्रार ऐकली की मी पदर ओढून घेई आणि झपाझप पुढं निघे.

तात्या थंडीतापानं गेले. त्यांच्या धनगरांत पुरायची रीत. जागा त्यांनी आधीच सांगून ठेवली होती, चोपणाच्या बांधालगत. सगळं गाव आलं, भाभी आल्या नाहीत. मला त्यांचा फार राग आला.

पुढच्या श्रावणात मी दुपारची भाकरी घेऊन रानात निघाले होते. चोपणाकडून आवाज आला. खट्. खट्. लाकडावर कुऱ्हाड पडत होती. मी जागीच थांबले. तात्या ऐकत होते ते हेच, असं वाटलं. मग आवाज थांबला आणि एका बाईचं ओरडणं ऐकू आलं.

तात्यांच्या मातीशेजारी जैनबभाभी बसल्या होत्या. करीमभाईंची कुऱ्हाड बाजूला पडली होती, बांधावरचे फुटवे तोडून रचले होते. मातीच्या ढिगावर उगवलेली कोवळी रोपं त्या दोन बोटांनी उपसत होत्या, आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या.

"मेंढरं जगवलीस आन माझा मानूस मारलास! समदं रान काट्यात घातलंस, आन आता निवांत झोपलास व्हय रे, मल्हार? ऊठ की! ये सब कौन निकालता? तेरा बावा?"

ज्या शिव्यांसाठी तात्या इतकी वर्षं तिष्ठले, त्या अशा आल्या, आणि ऐकायला मी एकटी होते. मला रडू आवरेना.

भाभींनी मागं वळून पाहिलं. उठल्या, ओंजळभर रोपं माझ्या पदरात टाकली आणि म्हणाल्या, "चुलीत घाल. त्यो घालायचा तशी."