फुलांखालचा अंधार

बाबांच्या कपाटातून आवाज येत होता. कोरडा, वाळूवरून वाळू सरकावी तसा. मी श्वास रोखला की थांबायचा, सोडला की पुन्हा सुरू. कपाटाशेजारी भिंतीवर तळहाताएवढा पतंग संध्याकाळपासून निश्चल बसला होता आणि त्याच्या पंखांवरचे खोटे डोळे माझ्यावर खिळले होते. या जातीच्या पतंगाला खायला तोंडच नसतं; अळी असताना साठवलेल्या बळावर तो चार दिवस जगतो. केवढं भीषण हे उपाशी देखणेपण!

आवाज त्याचा नव्हता.

बाबा गावकऱ्यांच्या जमिनींसाठी पत्रकं लिहायचे. त्यांवरच मी वाचायला शिकले. ते गेल्यावर आम्ही त्यांचे कागद लाल फडक्यात बांधून याच कपाटात ठेवले. दर दसऱ्याला त्या गाठोड्यावर हळदकुंकू, झेंडू, नमस्कार. गाठ मात्र कुणीच सोडली नाही.

आज उलव्याकडच्या गावातून आत्या आली. तिचं घर पाडायची नोटीस लागलीय, उद्या सुनावणी. घर जुनं असल्याचा एकच पुरावा गाठोड्यात होता: बाबांनी काढलेला, गावकऱ्यांच्या सह्यांचा नकाशा.

"सोड गं गाठ. देव हाय का तो, नुसता बघायला?"

वरचं पत्रक करकरीत शाबूत होतं. ते उचललं आणि खाली ना कागद होते, ना नकाशा. ओल्या मातीची भुयारं आणि त्यांत पांढरी, शिस्तबद्ध हालचाल. कामकरी वाळवीला डोळे नसतात, नुसतं तोंड. पतंग दिव्यावर झेपावतो आणि सर्वांदेखत जळतो, म्हणून आपण त्याला वेडा म्हणतो. वाळवी वरची कातडी राखून आतलं सगळं नेते, आणि आपण त्या कातडीला नमस्कार करत राहतो! तिला हा अंधार दिला कुणी? फुलं वाहून आम्हीच ना?

"माजं घर तुमी खाल्लंत, पोरी," आत्या म्हणाली. "किड्याचा दोस नाय."

सह्या करणाऱ्यांपैकी कुणी उद्या सुनावणीत उभं राहून घर जुनं असल्याचं सांगेल का, एवढंच मी विचारलं.

ती बोटांवर नावं मोजू लागली. पहिली तिन्ही माणसं मेलेली निघाली. चौथ्या बोटावर ती थांबली, पदर खोचून उठली.

"यो जिता हाय. चल."