वीसपर्यंत मोजणारी बाई

जून महिन्यात दुपारी तीन वाजता आमच्या वाळवंटातल्या टूसॉन गावात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी चाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर चढून एसी दुरुस्त केले, त्यामुळे उन्हाची माझी हौस कधीच फिटली आहे. निवृत्त झाल्यावर दुपारी पडदे ओढून लोळायचं, एवढीच माझी इच्छा होती. पण माझ्या शेजारी एल्विरा कीवीस राहते. तिने लागोपाठ दोन घरांच्या टपालपेट्या आडव्या केल्या, तेव्हा तिच्या मुलीने गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या, आणि तेव्हापासून तिचा ड्रायव्हर मी; माझी दुपार माझी राहिली नाही.

गल्ली तिला दोन्या म्हणते, बाईसाहेब म्हणावं तसं. वय चौऱ्याहत्तर. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला, त्यामुळे आवाज अजून तीनशे पोरांना रांगेत उभं करील असा. मी तिला अहो-जाहो करतो, ती मला अरे-तुरे. तिचा धंदा, म्हणजे बिनपैशांचा धंदा, असा की लोकांना नकोशा झालेल्या कोंबड्या घ्यायच्या आणि त्यांना चांगलं घर शोधून द्यायचं. दरवर्षी तेच. ईस्टरला लोक पोरांसाठी गोंडस पिल्लं आणतात, मे महिन्यात पिल्लांच्या कोंबड्या होतात, ऊन चढतं, एखादी मरते, पोरं रडतात, आणि उरलेल्या खोक्यात घालून दोन्याच्या दाराशी येतात.

या वर्षी अशा सहा होत्या. तिच्या स्वतःच्या म्हाताऱ्या पाच. त्यांतली पेर्ला नऊ वर्षांची, अंडं घालायचं विसरून गेलेली, पण मान अशी की घरमालकीण तीच. या सहा पाहुण्या पारा चढायच्या आत कुठेतरी पोचायलाच हव्या होत्या. या गावात उन्हाळा कोंबडीला थंडीपेक्षा लवकर मारतो.

पण दोन्या कोंबडी अशी कोणाच्याही पदरात घालत नाही. आधी घर बघणार. तेही सकाळी नाही.

“सकाळी सगळीच खुराडी गार असतात रे,” ती म्हणायची. “मुलगी बघायला जाताना नटवून ठेवतात ना, तसं. तीनला जायचं. तीनला खोटं बोलता येत नाही.”

तीनला जाऊन ती खुराड्यात गुडघे टेकायची, उघडा तळवा जमिनीवर ठेवायची आणि मोठ्याने मोजायची. वीसपर्यंत हात ठेवता आला तर कोंबडी मिळणार. आधी उचलावा लागला, तर नमस्कार. मग ती घरधन्यालाही हात ठेवायला लावायची. मी गाडीत बसून एसीचा वारा खात लोकांचे पडलेले चेहरे बघायचो. एका महिन्यात चौदा घरं झाली, आणि चौदाच्या चौदा नापास. कोणाचं खुराडं पत्र्याचं, कोणाची सावली सकाळची, कोणी खाली काळं रबर अंथरलेलं.

“दोन्या, तुम्हाला कोंबड्या द्यायच्या आहेत की जावई शोधायचाय?” एकदा वैतागून मी विचारलं.

“जावई मी न बघता केला. भोगतेय,” ती म्हणाली.

ब्रिटा लुंडक्विस्ट तिसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा मला तिची खरंच कीव आली. ही इस्पितळातली नर्स, मिनेसोटातून आलेली. तिकडे बर्फात कोंबड्या पाळलेल्या, त्यामुळे पहिल्यांदा तिने खुराड्याला चारी बाजूंनी भिंती घातल्या होत्या, भट्टीच जणू. दोन्या तिला नाही नाही ते बोलली. पोरीने मान डोलवली, वहीत लिहून घेतलं. दुसऱ्यांदा पश्चिमेकडची सावली करायची राहिली. तिसऱ्यांदा तेरापर्यंत पोचली. चौथ्यांदा तिने खुराडं अंगणातल्या मोठ्या तुतीखाली हलवलं, जमीन हातभर खणली, वाळू घालून ओली ठेवली. दोन्याने मोजलं. अठरा, एकोणीस, वीस. पंचविसाला हात उचलला आणि मला म्हणाली, “ठीक आहे,” तिच्या जागी दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते.

ब्रिटा दुसऱ्या दिवशी दोन्याच्या घरी कोंबड्या न्यायला आली. एकशे तेरा अंश फॅरनहाइट, म्हणजे पंचेचाळीस सेल्सिअस. शिकवणीप्रमाणे बरोबर तीन वाजता.

आता मला जे सांगायचंय ते मी दहा महिने गिळून बसलो होतो. दोन्याच्या अंगणातही तुती होती. मागच्या ऑगस्टच्या वादळात ती मुळासकट पडली. तोडणारे येऊन ओंडके घेऊन गेले. दोन्याने वर हिरवं जाळीचं कापड ताणलं आणि विषय संपला. ते कापड मी माझ्या खिडकीतून रोज बघत होतो. दुपारी अडीचनंतर ऊन त्याच्याखालून तिरपं आत शिरायचं, थेट खुराड्यात. मे महिन्यात तिच्या दोन कोंबड्या गेल्या. “वय झालं होतं,” ती म्हणाली. मी हो म्हणालो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्या ओठावर होतं. पण तिला सांगायचं कोणी? मी भित्रा आहे, आणि त्याचं मी शेजारधर्म असं नाव ठेवलं होतं.

ब्रिटाच्या मनात काही नव्हतं. दोन्याच्या खुराड्यात कोंबड्या चोची वासून, पंख फाकवून धापा टाकत होत्या. तिने सवयीने गुडघे टेकले, तळवा खाली ठेवला आणि सहाला झटकन उचलला. मग तिने आपल्याच हाताकडे पाहिलं, आणि दोन्याकडे अजिबात पाहिलं नाही.

“नर्स लोकांचे हात नाजूक,” दोन्या म्हणाली. “सरक.”

ती बसली. तळवा टेकला. एक, दोन, तीन. दहाला आवाज जाड झाला. चौदाला ओठ पांढरे पडले.

“दोन्या, पुरे!” मी ओरडलो.

“मध्ये बोलू नकोस. पंधरा. सोळा.”

वीस म्हणून झाल्यावरच तिने हात उचलला. मला इतका राग आला की काय करावं सुचेना. तिचा, आणि माझा त्याहून जास्त.

“झाले वीस,” ती ब्रिटाला म्हणाली. “बघितलंस?”

ब्रिटाने नळाखाली तो हात धरला, आपल्या पिशवीतलं मलम लावलं, पट्टी बांधली. तळव्यावर चार फोड आले होते. दोन्या बांधून घेत होती, पण बघत होती पेर्लाकडे. पेर्ला एकाच पायावर उभी होती. पोळणारा पाय थोड्या थोड्या वेळाने बदलत होती.

“रामिरो,” ती मला म्हणाली, “खोकी आण. सगळी.”

“सहाच न्यायच्यात ना?” ब्रिटाने विचारलं.

“जागा किती जणींची आहे?”

“बाराची. पण दोन्या, ह्या पाच तर तुमच्या...”

“पेर्लाला कलिंगड गार करून द्यायचं. बिया काढून. ती बिया खात नाही, तिचे नखरे फार आहेत.” एवढं बोलून ती घरात गेली आणि गाडी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पडदे ओढले. आता कोणी बोलावणार नव्हतं. अडीचला दारावर डाव्या हाताची थाप पडली.

“गाडी काढ.”

“आता कुठे? संपल्या की कोंबड्या!”

“गाडी काढ म्हटलं ना.”

ब्रिटाच्या तुतीखाली अकरा जणी ओल्या वाळूत पोट टेकून पसरल्या होत्या. एकीचीही चोच उघडी नव्हती. दोन्याने डावा हात वाळूवर ठेवला. या वेळी मोजलं नाही, नुसता ठेवला.

“कापडाखालून ऊन येतं, हे तुला तुझ्या खिडकीतून दिसत होतं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

“दिसत होतं.”

“कधीपासून?”

“तुती पडल्यापासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही ऐकलं असतंत?”

“नाही,” ती म्हणाली. “तरी बोलायला हवं होतंस. दोघी गेल्या माझ्या.”

मी तिच्या शेजारी वाळूत बसलो. माझाही तळवा वाळूवर ठेवला.